गेटपास

गेटपासावर त्याचं आडनाव मावेना.
चाकणला आमच्या कंपनीत नावाला मोजून नऊ चौकोन,
एत्तोरे आपेनीनी शेवटाला कापला जायचा.
कँटीनमध्ये पहिल्याच दिवशी त्याचा आप्पा झाला.
सोमवारी नाश्त्याला आप्पे असले की
पोरं त्याच्याकडे बघून हसायची,
तोही हसायचा, का ते न कळता.

एकदा वीज गेली, मशीन बंद, तेव्हा विचारलं,
हे आडनाव कशाचं?
त्यानं माझ्या रजिस्टरच्या मागच्या पानावर
आपला बुटासारखा देश काढला
आणि आतून टाचेपर्यंत एक वाकडा कणा.
हा डोंगर. एक नाही, रांग.
खापरपणजोबा हिवाळ्यात मेंढरं घेऊन खाली उतरले,
एका वर्षी परत चढलेच नाहीत.
खाली चर्चच्या वहीत लिहिणाऱ्यानं नाव विचारलं,
बापाचं विचारलं,
मग खिडकीतून वर पाहून
उरलेला रकाना भरून टाकला.
'असं घरात सांगतात. कागद कुणी पाहिलेला नाही.'

आणि वर राहायचे तेव्हा?
तो पेन टेकवून थांबला.
वर सगळेच वरचे.
तिथे कोण कुणाला डोंगर म्हणणार?

मी माहेरची डोंगरे.
आजोबांचं भवानी पेठेत लोखंडाचं दुकान,
पर्वतीच्या पायऱ्यांनीही त्यांना धाप लागायची.
आमच्या वेळी कुणी कुठल्या खिडकीतून पाहिलं?
सांगायला आता आत्याही नाही.

दिवाळी सरली, आणि कंपनीच्या भिंतीकडेनं धनगर आले.
घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडात कोकरू,
मागे कंटेनर खोळंबलेले, हॉर्न.
आप्पा हेल्मेटसकट बाहेर धावला, मागून मी.
कुठं निघालात, बाबा?
'कोकणात.'
तिकडं काय म्हणतात तुम्हाला?
'घाटी म्हणत्यात. माघारी आलो की
घरची म्हणत्यात, कोकणी आले.'

हे आप्पाला मी कुठल्या इंग्रजीत सांगितलं, विचारू नका.
त्यानं छातीवर बोट ठेवलं. घाती, म्हणाला.
ट काही त्याला जमला नाही.
म्हाताऱ्यानं त्याला नीट खालवर पाहिलं
आणि तंबाखूची पिशवी पुढे केली.

महिनाअखेर नवा पास.
नऊ चौकोन.
शेवटचा नी मी रेघेबाहेर लिहिला.
सही केली, त्यावर शिक्का मारला.