चौथीचा रकाना

मे संपत आला की फेरीबोटीतून यादी येते.
जिल्हा कचेरीचा शिक्का, नऊ इयत्ता, नऊ रकाने,
उन्हाळ्यात मुलांनी काय वाचावं.
आमच्या एस्टोनियन बेटावरच्या शाळेत मुलं एकूण तेरा.
चौथीत कोणीच नाही.

मी हेल्वे. ग्रंथपाल, आणि गुरुवारी टपालसुद्धा.
खिडकीशी बसून पेन्सिल तासते.
बाहेर ज्युनिपरच्या झुडपात कुणाची तरी मेंढी अडकून ओरडतेय.
रात्रीचे दहा वाजलेत, दिवा लावायची गरज नाही.
या दिवसांत सूर्य जातो तो दाराशी उभं राहून
तासभर निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखा.

पहिलीतला उकू अजून अक्षरावर बोट ठेवून चालतो.
त्याला ठसठशीत टायपातलं अस्वल दिलं,
दर पानावर एकच वाक्य,
झोप लागायच्या आत संपेल एवढंच.
दुसरीतला योसेप म्हणतो, गोष्टी खोट्या असतात.
त्याला ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका हवी,
तेलाच्या डागांसकट.
यादीत ट्रॅक्टर नव्हता. मी लिहिला.

तिसरीत दोघी जुळ्या, आणि प्रत एकच.
गेल्या वर्षीची मधोमध फाटली होती:
एकीकडे सुरुवात राहिली, एकीकडे शेवट,
आणि त्या बळावर दोघींनी भांडण
बटाटे काढायच्या दिवसांपर्यंत टिकवलं.
यंदा पुस्तकासोबत डिंकाची बाटली देतेय.

सातवीतल्या केर्तुपाशी पेन्सिल थांबते.
यादीतल्या पहिल्याच पुस्तकात आई मरते,
अठ्ठाविसाव्या पानावर, सफरचंदं उतरवताना.
पुस्तक सुंदर आहे. बक्षीस मिळालेलं.
केर्तुची आई फेब्रुवारीत गेली.
समुद्र गोठला होता, शवपेटी बर्फावरून नेली.
मी ते पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं, वर पावत्या रचल्या,
आणि तिच्या हातात घोड्यांचं दिलं.
तिसऱ्या दिवशी घोडे परत.
"तुम्ही लपवलंत ते द्या."
बेटावर काय लपणार,
आणि त्या ड्रॉवरला तर कुलूपच कधी नव्हतं.
मी दिलं. तिनं ते पिशवीत घातलं, काळ्या पावाखाली,
आणि सायकलला टांग मारली.
काय बोलायला हवं होतं, मला अजून सुचलेलं नाही.

नववीच्या लोनेनं फळ्या केव्हाच संपवल्या आहेत.
ऑगस्टअखेर ती मुख्य भूमीवर, वसतिगृहात जाईल.
तिला मी यादीच दिली, म्हटलं, पाचवी-सहावीचं तूच ठरव.
तिनं अर्धी नावं खोडली. शेजारी लिहिलं,
"हे मोठ्यांना आवडतं."

उरला चौथीचा रकाना.
तावी असता तर यंदा चौथीत असता.
त्याचे वडील फिनलंडला इमारती बांधायला गेले,
मग आई गेली, मग तावी, मग कुत्रासुद्धा.
जागा कोरी सोडावी तर कागदाचं बोळकं दिसतं.
म्हणून एक पुस्तक काढलंच,
दीपस्तंभात एकटं राहणाऱ्या पोराचं,
आणि खिडकीतल्या फळीवर उभं केलं. कार्ड कोरं.

ऑगस्टात मोजदाद करताना बघते तर
पुस्तक जागेवर, पण उलटं ठेवलेलं.
धुरावलेल्या माशाचा वास.
त्रेसष्टाव्या पानात एक खवला,
खुणेला ठेवावा तसा सपाट.

धक्क्यावर एवाल्ड फ्लाउंडर धुरवतो.
बाप बुडाला तेव्हा तो चौथीत होता,
पुढे शाळेत आला नाही,
एवढं इथं सगळ्यांना माहीत आहे.
मी कुणाला काही विचारलं नाही.
खवला होता तिथंच राहू दिला,
कार्डावर ऑक्टोबरची तारीख टाकली,
आणि घरी जाताना खिडकीची कडी
लावायची तेवढी विसरले.