उसना दशक

विभागीय अधिवेशन, हॉल धंतोलीतला,
बाया तीनशे बारा, संडास दोन,
त्यातल्या एकाची कडी तुटलेली.
हे मी इतिवृत्तात लिहिलं नाही.
चिटणीस आहे मी. इतिवृत्तात जातं ते
दीपप्रज्वलन, स्वागतगीत, ठराव क्रमांक एक ते नऊ.

समई पंख्यानं तीनदा विझली.
उपसंचालक पाऊण तास उशिरा आले
आणि मातृशक्ती म्हणाले अकरा वेळा;
मागच्या ओळीत भंडाऱ्याच्या मॅडम निमंत्रणपत्रिकेवर
रेघा ओढत होत्या: पाचाची जुडी,
पाचाची जुडी, वर एक.

मी उठले ती रांगेत जाऊन उभी राहिले.
रांग जिन्यापर्यंत, तिथून वळून
सांबारवडीच्या परातींपर्यंत.
तुटक्या कडीचं दार बाहेरून कोणीतरी धरायचं,
मग तिच्यासाठी दुसरीनं.
‘जाय वं, मी हावो ना इथं.’

तुमसरची सांगत होती,
तांदळातल्या किड्यांसाठी आता वेगळा रकाना आहे.
रामटेकच्या फरहत बाजी हसता हसता
पोट धरून म्हणाल्या, हसवू नका, रांग लांब आहे.

माझ्यापुढे रुपी नरोटे,
एटापल्लीच्याही पलीकडची शाळा,
रात्रभराच्या बसनं आलेली, केसात अजून धूळ.
ती म्हणाली, एक विचारू?

बावन्नातून सतरा वजा करायचे.
दोनातून सात जात नाहीत.
मग शेजारी जायचं, पाचाच्या घरी,
एक दशक उसना मागायचा.
मागितला. दिला त्यानं. उत्तर पस्तीस.
साऱ्या पोरांनी लिहिलं.
एक पोरगी पाटी धरून बसून राहिली.
म्हणे, बाई, तो परत कधी द्यायचा?

तिच्याकडे तांदूळ उसने आणले
तर नव्या धानाला परत जातात,
मापावर एक मूठ जास्त.

रांग गप्प झाली.
तीस वर्षं मी पाचावर काट मारली,
वर बारीक चार लिहिला,
आणि पुढच्या गणिताला गेले.

मग तू काय सांगितलंस?
म्हटलं, उद्या सांगते.
सात महिने झाले.
वाटलं, इथं एवढ्या बाया येतील,
कोणाला तरी माहीत असेल.

मग वाद. कोणी म्हणे नियमच आहे तसा,
कोणी म्हणे उसना शब्दच चुकला, सुटा म्हणा,
परिपत्रकात सुटाच आहे.
आणि दाराच्या आतून, तुटक्या कडीच्या मागून,
एक म्हातारा, खणखणीत आवाज:
‘ताळा करायला नाही शिकवत का वं तुम्ही आताशा?
पस्तिसात सतरा मिळव.
पाच न् सात बारा. दोन ठेव इथं.
हातचा एक, तो कोणाच्या घरी जाते?’

नळाचा आवाज. कोणीच बोललं नाही.
रुपी हवेत बोटानं आकडे मांडत होती.
दार उघडलं. त्या बाहेर आल्या,
गळ्यात बिल्ला नाही, पायात कापडी बूट,
हात पदराला पुसले
आणि दार धरायला उभ्या राहिल्या.
‘जाय आता, तुह्या नंबर हाय.’

नाव विचारायचं राहिलं.
हॉलमध्ये तोवर ठराव सात मंजूर झाला होता,
एकमतानं, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांच्या.

संध्याकाळी गणेशपेठच्या स्टँडवर
रुपीच्या पिशवीत मी चार संत्री कोंबली.
खिडकीतून तिनं परत विचारलं,
पण मॅडम, ताळा न करताच
कोणी पाटी पुसून टाकली तर?

कंडक्टरनं घंटी मारली.
कडीचे ऐंशी रुपये
मी किरकोळ खर्चात टाकलेत.
इतिवृत्त अजून टाईप व्हायचं आहे.