पोळ्याचा ताप

तिसऱ्या दिवशी वासरू उभं राहिलं,
चार पाय चार दिशांना रोवून,
हलत्या नावेत माणूस उभा राहतो तसं.
अनेरला तर घोटाभर पाणी नाही.

मान सारखी हलते. नाही, नाही, नाही.
कोणी काही विचारलेलं नसताना.

आचळ दिसतं त्याला. तोंड तिकडेच निघतं
आणि पोचतं मांडीवर, दाव्यावर, माघाच्या वाऱ्यावर.
गाय मान वळवून चाटते,
तर त्या चाटण्यानंही पडतं.

“नजर लागनी का, मॅडम?” सुपडूआप्पा विचारतात.
इंदूबाईंनी काळा दोरा आधीच बांधलाय.
मी थर्मामीटर बघते. ताप नाही.
ताप येऊन गेला, आप्पा.
पोळ्याला गाय दोन दिवस चरली नव्हती, आठवतं?
नाकाला पाणी, थोडी हगवण?
“ते तर ओव्याच्या धुरीनं गेलं.”

गेलं. गाईतून गेलं.
आणि आत उतरलं, जिथे
कवटीच्या मागच्या कोनाड्यात
तोल सांभाळणारा लहान मेंदू बांधला जात होता.
गवंडी काम टाकून निघून गेले.
बाकीचं घर पुरं झालं:
डोळे, खूर, कपाळावरचा पांढरा टिळा.

परभणीला बरणीत पाहिला होता असा मेंदू,
भोकराएवढा. खाली नंबर होता,
हंबरणारी आई नव्हती.

औषध नाही, मी सांगितलं.
हे वाढणार नाही, कमीही होणार नाही.
पुढचं वाक्य जिभेवर होतं,
बॅगेत त्याची बाटलीही होती.

आप्पा पऱ्हाट्यांचा जाळ सारखा करत राहिले.
“मना पहिले तीन पोरे गयात.
माले सुपडामा घाली उकिरडावर ठेवेल व्हतं.
मावशीनी उचलं. सव्वा रुपया दिधा.”
आणि उठून पोत्याची झोळी
लिंबाच्या फांदीला बांधू लागले.

दोन गाभण गाईंचं रक्त घेतलं.
वहीत लिहिलं: कालवड, वय तीन दिवस,
मेंदूची अपुरी वाढ. ‘सल्ला’चा रकाना
तसाच ठेवला.
डोकं वर धरून पाजा, एवढंच म्हणाले,
नाहीतर ठसका लागेल.

इंदूबाईंनी नातवाची बाटली विसळून आणली.
पहिला घोट टिळ्यावर सांडला.
दुसरा कानात.
“थांब वं माय,” त्या म्हणाल्या,
आणि हलत्या मानेबरोबर
आपला हातही हलवू लागल्या.