शेरा

फॉर्म चार पानांचा आहे.
सव्वीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकोन:
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
समुपदेशक बाई उद्या येऊन घेऊन जातील.
दांडिया बाजारातली शाळा सुटली आहे,
मागच्या गल्लीतून शेव तळल्याचा वास येतोय,
आणि मी, बालवर्गाची हेमाबेन घोरपडे,
पेन्सिलीने लिहिते आहे, खोडता यावं म्हणून.

नाव: हेत शिर्के. वय: चार वर्षं दोन महिने.
(नाव गुजराती, आडनाव आपलं. बडोद्यात चालतं.)

प्रश्न तिसरा. अनोळखी माणसासमोर मूल गप्प होतं का?
होतं. पण ओळख व्हायला किती दिवस धरायचे
ते कुठे छापलेलं नाही.
जूनपासून तो मला रोज बघतो, आता दिवाळी आली.
हजेरीला बोट वर करतो
कानाच्या पाळीपर्यंत. त्याच्या वर नाही.

लाजरी मुलं मी एकोणीस वर्षं पाहते आहे.
आईच्या ओढणीआडून त्यांचा एक डोळा बाहेर असतो,
तो खेळण्यांची मोजदाद करतो,
आणि पंधरा दिवसांत तीच पोरं
घसरगुंडीवर भांडतात, "मारो वारो, मारो वारो!"
हेतचे दोन्ही डोळे बाहेर आहेत.
ते खेळणी मोजत नाहीत,
दारापर्यंतची पावलं मोजतात.

प्रश्न नववा, शारीरिक तक्रारी.
घरी जाईपर्यंत शू दाबून धरतो.
रविवारी संध्याकाळी पोट दुखतं,
सोमवारी सुट्टी असली की दुखत नाही.
डब्याचं झाकण अर्धंच उघडतो,
चावल्याचा आवाज होऊ नये म्हणून
थेपला तोंडातच भिजत ठेवतो.
बऱ्याचदा. बऱ्याचदा. नेहमी.
भरलेले चौकोन एकाखाली एक,
खिडक्या लावून घेतलेल्या इमारतीसारखे.

जैनिलसाठी फॉर्म कुणी दिलेला नाही.
तो सगळ्यांआधी ओरडतो, बाकावर चढतो,
पाहुणे आले की जास्तच हसतो.
हसताना त्याचे हात गार असतात.
मी धरले आहेत.

मंगळवारी हेतच्या आईला बोलावलं.
"घरी नुसता पोपट असतो हो," ती म्हणाली
पर्सच्या चेनशी.
हो, चेनशीच. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.
उघड, बंद, उघड.
बाहेर बाकावर तो बुटाचा पट्टा
काढत होता, लावत होता. चर्र, चर्र.
कुटुंबात असं आणखी कुणी?
तो रकाना मी कोरा ठेवला.
विचारायचं राहून गेलं असं नाही.
विचारलं असतं, तर तिने बोट वर केलं असतं
कानाच्या पाळीपर्यंत.

"बोल ने बेटा, बोल ने," मीही म्हणायचे.
सगळा वर्ग वळून बघायचा.
ऑगस्टपासून ते सोडलं.
आता मणी ओवायला बसते त्याच्या बाजूला,
समोर नाही, बाजूला,
दोघांचं तोंड भिंतीकडे.
कधीकधी माझे मणी सांडतात.
बरं, सांडते मी.

शेवटच्या पानावर "शेरा", जागा एका ओळीची.
काल निळा मणी बाकाखाली गेला.
दिसत होता, तरी मी शोधत राहिले.
ओढणीचं टोक कुणीतरी ओढलं,
अगदी हलकं. मी वळले नाही.
पुन्हा ओढलं.
याला पाचातला कुठला चौकोन?

शेववाल्याने गॅस बंद केला असावा, गल्ली गप्प आहे.
पेन्सिल ठेवली, पर्समधून पेन काढलं:
ओढणी. दोनदा.
आणि तारीख.