मार्चच्या आत

डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी
स्टेनुनला कळलं, बैठकीची भिंत पांढरी फटक आहे.
बारा वर्षं जिच्याकडे पाठ टेकून, जिच्याकडे बघून
तिनं लोकर विणली, ती सायीच्या रंगाची होती.
साय भिंतीवर नव्हतीच कधी.
आपण तिला मोती म्हणतो;
तिथे म्हणतात, डोळ्यावरचा ढग.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सगळं स्वच्छ दिसेल.
दिसतं.
दूध निळं दिसतं,
आणि भिंत मासळी साफ करायच्या ओट्यासारखी,
पाणी मारून ठेवलेली, कुणाची वाट न बघणारी.

उजव्या डोळ्याची तारीख अठरा मार्च.
म्हणजे जुनी भिंत अजून अर्धी शिल्लक आहे:
डावा डोळा तळव्यानं झाकला की परत येते.
अठरानंतर साक्षीदार उरणार नाही.

म्हणून केटिल आला,
बादलीभर पांढरा आणि चार डब्या घेऊन.
त्यानं जन्मभर बोटी रंगवल्या. त्याच्या लेखी पांढरे दोनच:
बोटीचा, आणि तो संपला की दुसरा.
"कसा हवा?"
"उबदार."
"ऊब हीटरमध्ये असते, स्टेनुन."

तरी हात मारले त्यानं. खिडकीपासून कपाटापर्यंत
टॉवेलएवढे सात चौकोन.
पहिला लोण्याचा; बघूनच पोट भरलं.
दुसऱ्यात गुलाबी निघाली. शेजारची रानवेग म्हणाली,
छान, बाळाच्या टाचेसारखा. म्हणून तोही बाद.
तिसरा दिव्याखाली बरा, सकाळी निव्वळ खळ.
चौथ्यात राख शिरली, कुठून ते केटिललाही सांगता येईना.
पाचव्यापाशी ती थांबली.
डावा झाकून भिंत पाहिली, उजवा झाकून चौकोन.
पुन्हा. पुन्हा.
रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं
म्हातारी भिंतीला डोळे मारते आहे.

"उन्हात बघू या," केटिल म्हणाला.
ऊन नोव्हेंबरात डोंगरामागे गेलेलं.
ईसाफ्योर्दूरला ते जानेवारी सरता सरता येतं,
गल्लीत जरा वेळ उभं राहतं,
आणि तेवढ्यासाठी घरोघर कॉफी,
साखर पेरलेली पातळ धिरडी.

पंचविसाला ढग. धिरडी झाली.
सव्विसाला ढग. उरलेली धिरडी.
सत्ताविसाला, केटिल खिडकीची चौकट घासत असताना,
ते आलं. तिरपं, जरा ओशाळलेलं.
त्यानं हाक मारली. ती पिठाच्या हातांनी धावली.

सातही चौकोन एक झाले होते.
लोणी, टाच, खळ, काही ओळखू येईना;
मधली कोरी भिंतसुद्धा
दोन्ही डोळ्यांना सारखीच, सायीची.
दोघं काही बोलली नाहीत.
मग डोंगरानं ते उचलून घेतलं
आणि चौकोन परत वेगवेगळे झाले,
पाहुणे गेल्यावर घरची माणसं होतात तसे.

"उन्हाचं काय धरायचं," केटिल म्हणाला,
"ते कशालाही हो म्हणतं."
"मग ते नसताना जो बरा, तो लाव.
दिवस तेच जास्त."

पाचवा. पण गोडी किंचित कमी.
काडीच्या टोकावर राहील एवढाच मातकट रंग
त्यानं बादलीत सोडला, ढवळला, फासला.
ती डोळे झाकत-उघडत राहिली. झाला.

उरलेला रंग ठेवायला झाकण लावलं.
कानामागची पेन्सिल काढली;
बोटींच्या डब्यांवर तो बोटीचं नाव लिहितो.
"काय लिहू?"
हातांना पीठ होतं, म्हणून मनगटानंच
तिनं डावा डोळा झाकला,
एकदा भिंत पाहिली, एकदा त्याला.
"लिही, उजवा."