पाटी

नावाची पाटी शनिवारीच आली.
रावपुऱ्यातल्या कोरणाऱ्याकडून मीच आणली,
पितळी, स्क्रू वेगळ्या पुडीत.
जिगर अमीन. खाली बारीक अक्षरात हुद्दा.
चारशे ऐंशी रुपये, पावती हिशेबाला लावली.
पाटी माझ्या खणात आहे, हजेरीच्या वहीखाली.

आज मंगळवार.
मुलाखती आज आहेत.

मकरपुऱ्यात आमचा पंपांचा कारखाना.
बावीस वर्षं या दारापाशी बसून
मला एवढंच कळतं:
माणूस खरोखर घ्यायचा असला
तर साहेब सकाळीच हाक मारतात,
"मोहिते, चहा सांग, आणि ती खारी."
आज म्हणाले, "पाणी भरून ठेव."

बाकावर सहा जण.
एक भरूचहून पहाटे निघालेला, अजून डोळे चोळतोय.
एकाच्या सदऱ्यावर दुकानातल्या घडीची रेघ तशीच.
चौथी मृणाल हसबनीस, दांडिया बाजार.
गेटपाशी चपला पिशवीत टाकून
तिने बूट घातले, ते मी पाहिलं होतं.
मला म्हणाली, "काका, तुमचा दोनचा पंप गळतो ना?
मी एक विकत घेऊन उघडला घरी."
आणि कागद दाखवला.
सीलचं चित्र, पेन्सिलीने, मापांसकट.

दार पुरतं लागत नाही आमचं.
आतून ऐकू आलं:
वडील काय करतात,
लग्नाचं काय ठरवलंय,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता.
मग थोडं हसणं.
मग, "हा कागद राहू द्या इथे."

गुणांचा तक्ता सकाळीच भरला होता.
टाइप करून घ्यायला मीच नेला होता वर.

बाहेर आली. "काका, कधी कळवतील?"
कळवू.
या क्रियापदाला आमच्या कारखान्यात
भूतकाळ नाही.
तोंडाशी आलं होतं काहीतरी.
मुलीची फी भरायची आहे माझ्या, जूनमध्ये.
मी म्हटलं, "बसा जरा. ऊन आहे."

टपरीवरून चहा आणला, माझ्या खात्यावर.
खारी पण.
तिने खारी बशीत मोडली, चुरा बोटाने टिपला,
पंपाबद्दलच बोलत राहिली.
आणि बाकावरच्या उरलेल्या दोघांनी
आधी कपाकडे, मग एकमेकांकडे पाहिलं:
झालं. हिचंच झालं.
भरूचवाला उठून तिला म्हणाला, "अभिनंदन हं."
ती दचकली. मग हसली.
मी कप विसळायला गेलो,
बराच वेळ विसळत राहिलो.

संध्याकाळी साहेबांनी दोन कामं दिली.
तो कागद जिगरभाईंच्या फायलीत लावायचा,
वर ग्लासाचा ओला गोल उमटलेला.
आणि पाटी ठोकायची.

"जरा वाकडी बसलीय, मोहिते."
"भिंतच तशी आहे, साहेब."