विंगेतून

हळदीच्या पेठेमागं, जिथं दिवसभर
रुमालाखाली बोटं दाबून सौदे होतात
आणि कुणी तोंड उघडत नाही,
तिथं रात्री तंबू लागला.
दोन आणे देऊन मी जमिनीवर बसलो.
पुढं कापड, मागं यंत्राची खरखर,
कापडावर आमचा नरसू.

आमचा म्हणजे कंपनीचा.
कवलापुरातून आला तेव्हा नऊ वर्षांचा.
नायिकेच्या पदाला तीन-तीन वन्समोअर.
मग मिरजेच्या मुक्कामी, ऐन दुसऱ्या अंकात
गळा फुटला.
पेटीवाला पट्टी उतरवत गेला, उतरवत गेला,
शेवटी हात काढून बसला.
मालक म्हणाले, लुगडं सोड, भाला धर.

सात वर्षं भाला.
वाक्य एकच :
महाराज, शत्रू वेशीपाशी आलाय.
तेही विसरायचा.
मी विंगेतून कुजबुजायचो
आणि तो वळून माझ्याकडं बघायचा,
कृष्णेच्या पुरात वाहणारा माणूस
घाटाकडं बघतो तसा.
पिटातले लोक खोकायचे थांबत.
त्यांना वाटे, आलाच शत्रू.
आम्ही हसायचो, पगारातून चार आणे कापायचो.

मग एक टोपीवाला आला पेटारा घेऊन.
म्हणाला, आवाज लागत नाही आमच्यात.
नरसूनं ट्रंक उचलली.
माझा सव्वा रुपया राहिला त्याच्याकडं.

आता मास्टर नरसिंह.
नाव उमटलं की शिट्ट्या, पैसे, एक फेटासुद्धा.
घोडा, तलवार, तटावरून उडी
(खाली कडब्याच्या पेंढ्या असणार, मला ठाऊक आहे).
पाट्या वाचणारा पान थुंकून ओरडतो :
"दुष्टा, सोड तिला!"

पण मी जन्मभर ओठ वाचले.
कोण कुठं अडणार
हे ओठाच्या कोपऱ्यावर आधी दिसतं.
नरसू दुष्टा म्हणत नव्हता.
म्हणत होता,
महाराज, शत्रू वेशीपाशी आलाय.

झाडाखाली तिच्या कानाशी वाकून,
पाटीवर "प्राणप्रिये",
ओठांवर महाराज, शत्रू.
तुरुंगात गजाला डोकं आपटत, तेच.
मरणाऱ्या बापाचा हात धरून, तेच.
अख्खा तंबू रडत होता.
एकदाही अडला नाही गाढव.

आमचे पडदे गेल्या चैत्रात विकले.
राजवाड्याचा पडदा
गूळ झाकायला नेला एका अडत्यानं.

शेवटच्या रिळात त्याचा चेहरा
कापडभर झाला. नुसते डोळे.
आणि ते डावीकडं वळले,
जिथं मी उभा असायचो.
ओठ थांबले.

सवय वाईट.
मी पुढं झुकलो, तळहात तोंडाशी धरून
हळूच म्हणालो, महाराज...
शेजारचा हमाल खेकसला,
"ए म्हाताऱ्या, गप की. बघू दे."